खडूच्या रेघा

लढाई कोणती, असं विचाराल तर
एकही नाही.
मी डाउवे रिंग्नाल्डा, एकोणीस वर्षं वालरसवर काढली,
आणि हेल्डर बंदरात माझ्या छातीकडे
कुणी दोनदा पाहत नाही.

जिनं काढलं तो आराखडेवाला
म्हणे समुद्राला भ्यायचा.
म्हणून त्यानं तिला उंच होऊच दिलं नाही,
पाण्यावर दीड हात डेक, बस्स.
शत्रूला दिसायची नाही अशी बोट.
लाटेला मात्र सगळंच दिसतं.
साडेपाच इंच लोखंड, त्याच्या पाठीशी
दहा इंच जावाचं सागवान.
जुलैत पत्रा तापला की आतून
कुठल्यातरी न पाहिलेल्या रानाचा वास यायचा.
आम्ही फ्रीजलंडची पोरं, झाड म्हणजे विलो,
नाक लावून उभे राहायचो भिंतीला.

मधोमध बुरूज.
किल्ल्याला असतो तसाच,
पण किल्ल्याचा बुरूज जागचा हलत नाही.
हा फिरायचा, रुळांवर, कण्हत,
आणि खाली दिव्याच्या काजळीत
अठरा माणसं रहाटाच्या दांड्यांना जुंपलेली.
एका फेऱ्याला दोन मिनिटं.
वरच्या दोन तोफा, बारा-बारा टनांच्या,
आम्हाला कधी दिसल्याच नाहीत.
दिसायचा पुढच्याचा मणका.

दिशा?
दिशा खडूनं लिहिलेली असायची.
फिरत्या बुरुजाखालच्या फळ्यांवर पांढऱ्या रेघा,
इथे नाळ, इथे पिछाडी, इथे डावं, इथे उजवं.
लुब्बर्ट रोज पहाटे गुडघे टेकून त्या काढायचा.
अक्षर सुंदर होतं त्याचं.

त्या सप्टेंबरात सराव होता.
आमच्या घामानं आणि अनवाणी पायांनी
नऊच्या आत सगळ्या दिशा पुसल्या गेल्या.
वरून नळीतून आवाज : तोंड कुठे आहे?
खालून कुणीतरी : शत्रूकडे, साहेब.
हसलो आम्ही. फिरवत राहिलो.
लुब्बर्टला तेवढ्यात वर धाडलं, ओला बोळा घेऊन.
त्यानं तोफेशेजारच्या फटीतून पाहिलं, तर
समुद्र नव्हता.
बांध होता. गवत. एक मेंढी.
दोरीवर चादर, आणि चादरीपाशी याप्के,
त्याची बायको, दातांत लाकडी चिमटे धरून.

त्यानं हुकूम दिला नाही,
हुकूम द्यायचा दर्जाच नव्हता त्याचा.
फक्त नाव ओरडला तिचं.
तसा शब्द आमच्या पुस्तकात कुठे नव्हता,
तरी अठरा दांडे जागच्या जागी थांबले.
लोखंडातून ते नाव
बराच वेळ फिरत राहिलं.

रोजनिशीत लेफ्टनंटनं लिहिलं :
धुक्यामुळे सराव तहकूब.
धुकं नव्हतं हो.
ऊन असं होतं की चादर तासाभरात वाळली.

रात्री याप्के म्हणाली त्याला,
आज तुमच्या बोटीनं किती वेळ पाहिलं माझ्याकडे!
मी हातसुद्धा केला.
लुब्बर्टनं सूप संपवलं.
मला हे सांगितलं त्यानं अकरा वर्षांनी,
तेही दारू उतरल्यावर.

आता तोफा काढून नेल्यात.
नव्या भरतीची पोरं खाली झोपतात, झोळ्यांत,
बुरुजात बटाट्यांची पोती.
रूळ गंजून एकजीव झालेत,
अठराशे माणसं लावली तरी हलायचे नाहीत.
लुब्बर्ट गेला छातीच्या दुखण्यानं.
मी राखणदार.

पण रात्री मार्सडीपची भरती येते,
आणि कुणालाही न विचारता
एका साखळीवर अख्खी वालरस फिरवते,
खडूवाचून, हळूच.
तोफेच्या भोकात वाऱ्यासाठी चिंध्यांचा बोळा आहे.
ते भोक बांधासमोर आलं की
माझा बटाटे सोलणारा हात थांबतो.
तिथे आता दोरी नाही.
तरी थांबतो,
बोट पुढे वळेपर्यंत.